होईल हळूहळू

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या आळीत अभ्यंगस्नानापेक्षा फटाक्यांची घाई अधिक असते. २००८ सालच्या त्या पहाटे समोरच्या घराच्या ओट्यावर एक आजी आपल्या अडीच वर्षांच्या नातवाला पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पोरांनी रस्त्याच्या मधोमध सुतळी बाँब लावला. त्याचा असा दणका उडाला की, माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी किणकिणली. आळीतली लहान मुले कानांवर हात घेऊन आयांच्या पदरांत शिरली; एकदोन तान्ही रडू लागली. आजींचा नातू मात्र डोळे विस्फारून धुराकडे आणि हवेत उडालेल्या कागदाच्या कपट्यांकडे पाहत होता. पाहत होता आणि हसत होता.

"बघा मास्तरीणबाई," आजींनी मला हाक मारली, "आमचा सोन्या कसा धीट आहे तो! कश्शाला म्हणून भीत नाही."

मी हातातली रांगोळीची वाटी खाली ठेवली, त्याचा गालगुच्चा घेतला आणि म्हटले, "मग! शिवाजीच्या मुलखातला ना तो!"

त्याला ऐकू येत नव्हते.

हे आम्हांला कळायला पुढे जवळजवळ दोन वर्षे लागली. आम्हांला म्हणजे त्याच्या आईबापांना, आजीला आणि मला. वडील टेम्पो चालवीत, आई शिवणकाम करी, आजी मंडईत भाजी विकीत. त्यांनी पूर्वी असे मूल पाहिले नव्हते, तेव्हा त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? माझा मात्र धंदाच मुलांकडे पाहण्याचा. मी बालवाडी चालवते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यावर बालवाडीचा एक लहानसा अभ्यासक्रम. पण रोज सकाळी तीन तास वीस-पंचवीस मुले माझ्या डोळ्यांपुढे असतात, आणि रात्री कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे माणसाचे बारकावे आपल्याला टिपता येतात असा एक गर्वही मला होता. त्या गर्वाचे पुढे काय झाले, तेच सांगायला बसले आहे.

सोन्या—त्याचे खरे नाव अर्थात वेगळे—२००९ च्या जून महिन्यात बालवाडीत आला. बालवाडी तेव्हा एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरे. माडीची जमीन फळ्यांची. मुले उड्या मारू लागली की खालच्या बिऱ्हाडात माती गळे आणि त्या बाई जिन्यातून ओरडत वर येत. या माडीने आम्हांला फसवले. मी पाय आपटला, पेटी सरकवली, दार लोटले की सोन्या वळून पाही. फळ्यांचा हादरा त्याच्या तळपायांना कळे, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी गोष्ट सांगू लागले की तो माझ्या तोंडाकडे टक लावून बसे. मला वाटे, काय हे एकचित्त! मुले हसली की तोही हसे, मुले उठली की तोही उठे. चित्रे जुळवण्यात, मणी ओवण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. जे मूल कानाने जगाला गाठू शकत नाही ते डोळ्यांनी आणि पायांनी गाठते, आणि इतक्या हुशारीने गाठते की, आपण त्याच्या हुशारीचे कौतुक करतो व तिचे कारण विचारायला विसरतो.

बोलत मात्र तो नव्हता. दिवाळीनंतर एकदा त्याची आई त्याला न्यायला आली ती सगळी मुले जाईपर्यंत जिन्यापाशी घुटमळली. मग म्हणाली, "बाई, हा अजून 'आई' म्हणत नाही हो."

"होईल हळूहळू," मी म्हटले. "मुलगे जरा उशिराच बोलतात. तुम्ही काळजी करू नका."

तिचा चेहरा उजळला. ती घरी गेली. मीही घरी गेले आणि त्या रात्री मला छान झोप लागली.

आपल्याकडे प्रत्येक घराण्यात पाच वर्षांपर्यंत न बोललेला एक मामा असतो. तो पुढे मामलेदार तरी होतो, वकील तरी, आणि मग आयुष्यभर गप्प बसत नाही. या मामाचा दाखला आजवर किती आयांना दिला गेला असेल याची गणती नाही. उशिरा बोलणारी मुले असतात, हे खरेच आहे, आणि म्हणूनच हा दाखला घातक. तो खोटा असता तर केव्हाच उघडा पडला असता.

२०१० च्या पावसाळ्यात वाड्याची कौले गळू लागली आणि बालवाडी आम्ही तात्पुरती देवळाच्या सभामंडपात नेली. तिथली जमीन दगडी. पहिल्याच आठवड्यात मला वाटू लागले, सोन्याचे लक्ष उडाले आहे. हाक मारावी तर वळत नाही, पाय आपटावा तर वळत नाही. नव्या जागेने बावरला असेल, असे दोन दिवस मनाला समजावले. तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या हातून स्टीलचे ताट फरशीवर पडले. सगळा मंडप दचकला. गाभाऱ्यातून पुजारी बाहेर आले. सोन्या माझ्याकडे पाठ करून चिंचोके मांडत बसला होता. त्याच्या हातातला चिंचोका जिथे ठेवायचा होता तिथे, रेषेत, नीट ठेवला गेला.

मी ते ताट उचलले, त्याच्या पाठीमागे गेले, माझी सावली त्याच्यावर पडणार नाही अशी उभी राहिले आणि ताट पुन्हा पाडले.

शहरातल्या ज्या इस्पितळात त्याची तपासणी झाली तिथले डॉक्टर वयाने तरुण होते. त्यांनी यंत्रातून आलेला कागद पाहिला आणि मुलाचे वय विचारले. "सव्वाचार," आई म्हणाली. ते काही बोलले नाहीत. पेनला टोपण लावले, काढले आणि पुन्हा लावले. आई माझ्याकडे वळून पाहू लागली. त्या पाहण्यात राग असता तर मला सोसता आला असता. ती फक्त विचारत होती—सव्वाचार म्हणजे फार झाले का हो, बाई?

फार झाले होते. ते मला तेव्हा पुरते ठाऊक नव्हते. मग मी वाचून काढले. अभिमन्यूची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण मूल आईच्या पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासून खरोखरच आवाज ऐकू लागते, हे आपण कितीजण मनावर घेतो? जन्मते तेव्हा त्याला आईचा आवाज ओळखीचा असतो. पुढली दोन-तीन वर्षे त्याचा मेंदू त्या आवाजांतून वाटा पाडीत असतो. ज्या वाटेने कोणी गेलेच नाही ती वाट बुजते. जे मूल ऐकत नाही तेही पहिले काही महिने हुंकारते, आ-ऊ करते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. स्वतःचा आवाज स्वतःला परत मिळत नाही म्हणून त्याचे बोबडे बोल जमत नाहीत, आणि हे जमत नाहीसे होणे कोणाच्या कानावर येत नाही. आज दोन दिवसांचे मूल झोपलेले असताना त्याच्या कानात लहानशी नळी ठेवून काही मिनिटांत तपासणी करता येते. काही महिन्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र लावता येते. शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचे यंत्रही आहे; त्याचाही खरा उपयोग वय जितके कोवळे तितका अधिक. सोन्याला यंत्र मिळाले तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. त्याला त्यातून आवाज येई; पण आवाज म्हणजे भाषा नव्हे. पहिल्या दिवशी तो यंत्र काढून फेकून देत होता.

आता मला जो प्रश्न पडला तो कानाचा नाही. मी जे वाक्य बोलले ते प्रेमळ होते. वाट पाहणे, धीर धरणे, मुलाला त्याच्या चालीने वाढू देणे हा तर आम्हां बालवाडीवाल्यांचा धर्म. अडीच वर्षांच्या पोराला बाराखडी घोकायला लावणारे आईबाप मी रोज पाहते आणि त्यांना हेच सांगते—घाई करू नका. मग एके ठिकाणी जो सद्गुण तोच दुसऱ्या ठिकाणी अपराध कसा होतो?

पुष्कळ दिवस मी याचा विचार केला. आमच्या परसात मेथीचा वाफा आहे. पेरल्यावर मी रोज माती उकरून बी पाहत नाही; तसे केले तर काहीच उगवणार नाही. पण सगळा वाफा हिरवा झाला आणि एक कोपरा कोरडा राहिला, तर बोटाने तेवढी माती उकरते, की तिथे पाणी पोहोचत नाही, का मुंग्यांनी बी नेले? हे मला कोणी शिकवले नाही. मेथीच्या बाबतीत जे मला न शिकवता कळले ते मुलाच्या बाबतीत का कळू नये?

कारण मेथीला आई नसते. मेथीच्या कोरड्या कोपऱ्याविषयी मला कोणाला काही सांगायचे नसते. सोन्याच्या आईला "एकदा कान दाखवून या" असे म्हणायचे म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड विझवायचा, आजींच्या धीट नातवाला धीट राहू द्यायचे नाही, आणि उद्या आळीत 'मास्तरीणबाईंनी आमच्या पोराला नावे ठेवली' हे ऐकून घ्यायचे. मी धीर धरीत नव्हते. मी चांगलेपणा राखीत होते, आणि तो स्वतःचा. माझ्या त्या वाक्याने तिघींचे समाधान झाले: आईचे, आजीचे आणि माझे. ज्याच्याविषयी ते होते त्याला ते ऐकूच आले नव्हते.

दुसरी बाजू मला दिसत नाही असे नाही. शिक्का मारण्याची घाई करणारे लोकही मी पाहिले आहेत. मी स्वतः तिसरीत असताना आमच्या वर्गात एक मुलगी होती. गुरुजींनी तिला 'ढ' ठरवून शेवटच्या बाकावर बसवली आणि वर्षभर तिला एक प्रश्न विचारला नाही. पुढे कळले की तिला फळ्यावरचे दिसत नव्हते. शेवटच्या बाकावरून तर काहीच नाही. एकदा नाव पडले की माणसे मुलाकडे पाहणे थांबवतात आणि नावाकडे पाहू लागतात. आपण नावे बदलत आलो—मूकबधिराचे कर्णबधिर केले, अपंगाचे दिव्यांग केले, २०१६ च्या कायद्याने तर २१ प्रकार मोजून दिले—आणि ते योग्यच. पण शेवटचा बाक कोणत्याही नावाखाली टाकता येतो. तरीसुद्धा, त्या गुरुजींची चूक आणि माझी चूक या एकाच चुकीच्या दोन तऱ्हा होत्या असे मला आता वाटते. त्यांनी वाईट बोलून पाहणे टाळले, मी चांगले बोलून टाळले.

या संबंधात एक जुनी गोष्ट मला राहून राहून आठवते. १८०० साली फ्रान्समधल्या आव्हेराँ भागात रानात एकटा वाढलेला, बारा-एक वर्षांचा, न बोलणारा मुलगा सापडला. त्याला पॅरिसच्या मूकबधिरांच्या शाळेत आणले. मोठमोठ्या पंडितांनी तपासून सांगितले, हा जन्माचा जड, याच्यावर श्रम व्यर्थ. इतार नावाच्या तरुण डॉक्टरने ते मानले नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली: ऊन आणि गार पाणी, खरखरीत आणि मऊ, आकार ओळखणे, अक्षरे जुळवणे. व्हिक्टर काही शब्द वाचायला शिकला, पण बोलला नाही. इतारला आपले श्रम वाया गेले असेच वाटले. त्याचा शिष्य सेगाँ याने तीच रीत मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठी वाढवली. शंभर वर्षांनी रोममध्ये मारिया माँटेसोरी या डॉक्टरीणबाईंनी ती धूळ खात पडलेली पुस्तके वाचली, तशाच मुलांना शिकवले, आणि ती मुले परीक्षेत इतर मुलांच्या बरोबरीने उतरली. सगळे त्या मुलांचे कौतुक करू लागले. बाईंना वेगळाच प्रश्न पडला—मग आपली धडधाकट मुले इतकी मागे का? त्यातून १९०७ साली सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह निघाले.

आमच्या बालवाडीत खाचांत बसवायचे लहानमोठे लाकडी गट्टू आहेत, गुंड्या लावायची चौकट आहे, खरखरीत कागदाची अक्षरे आहेत. गावातले डॉक्टर, वकील आपल्या मुलांना ही खेळणी पाहून मोठ्या अभिमानाने माझ्याकडे पाठवतात. त्यांची मुळे कोणाच्या वाट्याच्या कष्टांत आहेत, हे त्यांना सांगितले तर त्यांतले काहीजण कदाचित नाके मुरडतील. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांकडे ही पद्धत शिकल्या, आणि १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी खेड्यातले काम सुरू केले. तिथे लाकडी साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने घेतली. हरिजनवाड्यातली मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला नाव दिले अंगणवाडी. १९७५ साली सरकारने देशभर योजना काढली तेव्हा तोच शब्द देशाने उचलला. ही बाईंची एक युक्ती म्हणून आपण सांगतो. मला त्यात एक नैतिक निवाडा दिसतो. मूल आणि शाळा यांच्यात अंतर पडले, तर चालायचे कोणी? ताराबाईंनी उत्तर दिले—शाळेने. मी सोन्याच्या बाबतीत ते अंतर त्यालाच चालायला लावले, आणि तो बिचारा फळ्यांच्या हादऱ्यांवरून चालत माझ्यापर्यंत येतही होता.

इतारच्या गोष्टीत एक बोचरी जागा आहे, ती सांगायची राहिली. व्हिक्टरला ज्या शाळेत ठेवले होते तिच्या अंगणात मुले दिवसभर हातांनी बोलत असत. हातांची ती भाषा त्या शाळेचेच वैभव होती. इतारने मात्र व्हिक्टरला तोंडाने बोलते करण्याचाच ध्यास घेतला. हातांची भाषा त्याला शिकवलीच नाही.

मी हसणार नाही, कारण आम्हीही तेच केले. सोन्याच्या आजींनी त्याच्याशी बोलायची एक रीत केव्हाच काढली होती. मूठ तोंडाशी नेली की चहा. ओठावर बोट फिरवले की बाप, त्याला मिशा होत्या म्हणून. दोन्ही तळवे गालाखाली घेतले की झोप. तराजूसारखे हात वरखाली केले की मंडई. तीस-चाळीस खुणा असतील. तपासणीनंतर आम्हांला कोणीतरी बजावले की, खुणा बंद करा, नाहीतर यंत्र लावूनही तो बोलायला शिकणार नाही. हे मत जुने आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून हातांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला होता, आणि तो चूक होता असे म्हणायला त्याच परिषदांच्या परंपरेला २०१० साल उजाडावे लागले. आम्हांला यांतले काही ठाऊक नव्हते. मी आजींना जाऊन सांगितले, "आजी, आता हात वापरायचे नाहीत. तोंडाने बोला."

आजींनी ऐकले. म्हातारी हात पदराखाली धरून बसू लागली. सोन्या समोर येई, मूठ तोंडाशी नेई. आजी नुसते ओठ हलवीत. तो पदर ओढी, त्यातून हात बाहेर काढू पाही. दोनएक आठवडे हे चालले. एके दिवशी आजी संध्याकाळी माझ्या दारात आल्या. रागाने म्हणाव्यात तशा नव्हत्या, थकल्या होत्या.

"मास्तरीणबाई, त्याला बोलता येईल तेव्हा येईल. तोवर मी त्याच्याशी बोलू कशानं? तेवढं सांगा."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही, आणि त्याचे कारण त्यांचेच म्हणणे बरोबर होते. मुलाला भाषा हवी असते. ती कानातून येते का डोळ्यांतून, हा पुढचा प्रश्न. यंत्र लावा, बोलायला शिकवा, जे जे करता येईल ते करा. पण ते होईपर्यंत मुलाला मुके ठेवायचा अधिकार कोणाला आहे? आपण ज्याला मुलाचा विकास म्हणतो त्यात मूल कधीतरी आपल्यासारखे होईल ही आपली इच्छा किती आणि आज त्याला कोणीतरी समजून घ्यावे ही त्याची गरज किती, याचा हिशोब मी त्यापूर्वी केला नव्हता. आजींनी त्या रात्रीपासून पुन्हा हात मोकळे केले.

सोन्या पुढे जिल्ह्याच्या गावी कर्णबधिरांच्या शाळेत वसतिगृहात राहिला, तिथे खरी खुणांची भाषा शिकला, थोडे तोंडाने बोलायलाही. आता विशीत आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, आणि गिऱ्हाइकाशी पाटीवर लिहून भांडतो. मराठी लिहिताना त्याचे विभक्तिप्रत्यय चुकतात. ते पाहिले की मला ती दोन वर्षे दिसतात. आजींना वयोमानाने ऐकू येईनासे झाले आहे. घरची सगळी त्यांच्या कानाशी ओरडून दमतात. सोन्या आला की दोघे ओट्यावर बसून तासन्‌तास हातांनी बोलतात आणि मधूनच हसतात. कशाला हसतात ते आळीत कोणाला कळत नाही.

२०१३ पासून सरकारी पथके अंगणवाड्यांतून मुलांना तपासतात, वर्षातून दोनदा असा नियम आहे. पण पथक येऊन जाते आणि मूल रोज येते. तेव्हा पाहण्याचे काम माझ्याकडून सुटत नाही. माझी आता एक रीत ठरली आहे. जूनमध्ये नवी मुले आली की, प्रत्येकाच्या पाठीमागे उभी राहून मी हलक्या आवाजात त्याचे नाव घेते. ज्याच्याविषयी शंका वाटेल त्याच्या आईला त्याच आठवड्यात सांगते. गोड करून सांगायला अजून जमत नाही.

या वर्षी एका मुलीच्या आईला सांगितले. तिला राग आला. शहरात तीन खेपा झाल्या, पैसे गेले, सासूने बोल लावले. आणि तपासणीत निघाले की, मुलीचे कान उत्तम आहेत. ती नुसती उशिरा बोलणारी. घराण्यातल्या त्या मामाची भाची! आई माझ्याकडे आली, कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "झालं समाधान?" मी तो कागद दोनदा वाचला. मला इतका आनंद झाला होता की, तिची क्षमा मागायचे राहून गेले.

मुलीला तिने दुसऱ्या बालवाडीत घातले आहे. दर दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचे ताट येते. त्यांच्या चकल्या आळीत नावाजलेल्या. या वर्षी ते येईल असे वाटत नाही. मी माझे ताट करून ठेवले आहे. लक्ष्मीपूजन झाले की नेऊन देईन. मुलगी दारात आली, तर ती काय बोलते ते ऐकायचे आहे.